तरुण मुलींच्या अंडाशयातली बीजपेशींची गाठ: झपाट्याने वाढते, पण औषधाला दादही देते

आपल्याकडच्या पेपरात अधूनमधून एक बातमी येते: तरुणीच्या पोटातून केस आणि दात असलेली गाठ काढली. ट्रेमध्ये ठेवलेल्या गोळ्याचा फोटो, मागे हिरव्या गाऊनमधले डॉक्टर. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा सुरू. कुणी म्हणतं, मुलगी लहानपणी केस खात असणार. कुणी म्हणतं, जुळ्यातलं एक पोटात राहिलं होतं. कुणी आवाज खाली घेऊन तिसरंच काहीतरी सुचवतं, आणि नेमकं तेच सगळ्यांत लवकर पसरतं.

तिन्ही गोष्टी चूक आहेत. केस खाण्याची सवय असलेल्या मुलींच्या पोटात केसांचा गोळा होतो हे खरं, पण तो जठरात. तो आजारच निराळा. आपण बोलतोय ते अंडाशयातल्या गाठीबद्दल.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून जत-आटपाडीपासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे पेशंट इथे येत आले आहेत, त्यामुळे अशा गाठी इथल्या पॅथॉलॉजीच्या टेबलावर नवलाईच्या नाहीत. बहुतेक निरुपद्रवी निघतात. पण मधूनच एखादी वेगळी असते. मुलगी सोळा-अठराची, पोट दोन महिन्यांत वाढलेलं, आणि गाठ चिरली तर आत केस-दात नाहीत, नुसतं भरीव मांस. हा लेख मुख्यतः त्या गाठीबद्दल आहे, कारण तिच्या बाबतीत पहिल्या पंधरा दिवसांत घरच्यांनी आणि डॉक्टरांनी काय केलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

अंडाशयात मुळात असतं काय?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असतं. डॉक्टर त्याला ओव्हरी म्हणतात. आकार तीन-चार सेंटिमीटर. त्यात ढोबळमानाने तीन प्रकारच्या पेशी असतात: वरचं आवरण, हार्मोन्स तयार करणाऱ्या पेशी, आणि ज्यांपासून पुढे स्त्रीबीज तयार होतं त्या बीजपेशी. यातल्या कोणत्याही प्रकारापासून गाठ होऊ शकते, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो.

‘ओव्हरीचा कॅन्सर’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो आजार येतो तो आवरणातून, किंवा गर्भनळीच्या टोकाकडच्या पेशींतून सुरू होणारा. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो, उशिरा कळतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. बीजपेशींची गाठ ही त्याची सख्खी बहीण नव्हे, चुलतसुद्धा नव्हे. दोघी एकाच घरात राहतात एवढाच संबंध. मुलीचा रिपोर्ट हातात आल्यावर आईवडील रात्री मोबाइलवर ‘ओव्हेरियन कॅन्सर’ शोधतात आणि तिथले आकडे वाचून खचतात. ते आकडे त्या दुसऱ्या आजाराचे असतात.

बीजपेशींची गोष्ट मुलगी जन्माला येण्याच्याही कितीतरी आधी सुरू होते. गर्भ जेमतेम महिन्याचा असताना या पेशी अंडाशयात नसतातच. त्या गर्भाबाहेरच्या योक सॅक नावाच्या पिशवीच्या भिंतीत असतात आणि तिथून शरीराच्या मध्यरेषेने चालत आपल्या जागी पोचतात. काही वाटेतच अडकून राहतात. म्हणून याच जातीच्या गाठी कधी माकडहाडापाशी, कधी छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये, तर कधी मेंदूतही सापडतात. युवराज सिंगला २०११ च्या वर्ल्ड कपनंतर जी गाठ निघाली ती छातीतली बीजपेशींचीच होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला, हे पुष्कळांना आठवत असेल.

पण त्यातून केस आणि दात कसे येतात?

उसाचं उदाहरण घेतो, कारण कृष्णाकाठी ते कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. उसाचं पान जमिनीत पुरलं तर कुजतं. कांडीवरचा डोळा लावला तर त्यातून मूळ, खोड, पान, सगळा ऊस उभा राहतो. शरीरातल्या बहुतेक पेशी पानाच्या जातीच्या आहेत: कातडीची पेशी कातडीच राहते, यकृताची यकृतच. बीजपेशी म्हणजे डोळा. अख्खा माणूस घडवायची तयारी तिच्यात असते, म्हणून तर वेळ येईपर्यंत ती झोपून असते. आता तुरा आलेल्या उभ्या उसाला पांगशा फुटतात तेव्हा काय होतं? लागण नाही, सरी नाही, डोळा जागच्या जागी फुटतो. पानं येतात, पण ऊस होत नाही.

अंडाशयातली एखादी बीजपेशी अशीच अवेळी, एकटीच फुटली की तिच्यातून कातडी, केस, चरबी, कधी हाड, कधी दात तयार होतात. सगळे सुटे भाग, पण त्यांना आकार नाही, रचना नाही. या गाठीला डर्मॉइड म्हणतात. यासाठी पुरुषाचा संबंध लागत नाही. गाठीतली गुणसूत्रं तपासली तर ती त्या मुलीचीच असतात, दुसऱ्या कुणाची भर त्यात नसते. कट्ट्यावरच्या तिसऱ्या शंकेला एवढं उत्तर पुरे.

अंडाशयातल्या सगळ्या गाठींपैकी साधारण पाचवा हिस्सा बीजपेशींचा, आणि त्यातल्या १०० पैकी ९५ हून अधिक या साध्या डर्मॉइडच असतात. चिरताना आतून पिवळट चरबी येते. शरीरात ती पातळ असते, टेबलावर गार पडली की थिजते. तिच्यात केसांचा गुंता, आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात उंचवटा. दात सापडला तर त्या उंचवट्यातच सापडतो. सुरी-चिमटे नंतर गरम पाण्याशिवाय स्वच्छ होत नाहीत. ऑपरेशनमध्ये नुसती गाठ सोलून काढतात, अंडाशय राखतात, आणि विषय बहुधा तिथेच संपतो.

निरुपद्रवी गाठ आणि ‘बाहेरचं’

बहुधा म्हणालो, कारण एक अपवाद सातारा-सांगलीकडे मुद्दाम सांगायला हवा.

डर्मॉइडमध्ये कधीकधी मेंदूच्या ऊतीचा बारीक तुकडा असतो. शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तो परका वाटतो, ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते, आणि ही प्रतिपिंडं मग त्या मुलीच्या खऱ्या मेंदूवर जाऊन बसतात. परवापर्यंत कॉलेजला जाणारी मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, झोपत नाही, नसलेली माणसं तिला दिसतात, तोंड वेडंवाकडं होत राहतं, झटके येतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. अमावस्या बघितली जाते, देवऋषी गाठला जातो. हा आजार वैद्यकशास्त्रालाही २००७ साली नीट उमगला. त्याआधी अशा मुली मनोरुग्ण म्हणून नाहीतर मेंदूज्वर म्हणून गेल्या असणार.

गाठ काढली आणि सोबत स्टेरॉइडसारखे उपचार वेळेवर दिले तर बहुतेक मुली सुधारतात, हळूहळू, कधीकधी काही महिने घेऊन. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेत शिकून डॉक्टर झाले आणि त्यांनी साताऱ्यातून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलं. ‘अंगात येणं’ हे आधी डॉक्टरकडे न्यायचं लक्षण आहे, हे त्यांच्या जिल्ह्यात तरी पुन्हा सांगावं लागू नये. पण लागतं. तरुण मुलगी दोन-चार आठवड्यांत अशी बदलली तर मेंदूच्या तपासण्यांबरोबर पोटाची सोनोग्राफीही करून घ्या.

मग कॅन्सरची गाठ कोणती?

डोळा फुटला, पण त्यातून येणाऱ्या पेशी पक्व झाल्याच नाहीत, कोवळ्याच राहून वाढत सुटल्या, तर ती कॅन्सरची गाठ. हिचे मुख्य प्रकार तीन.

बीजपेशी जशीच्या तशी राहून वाढत गेली तर डिसजर्मिनोमा. यातला सर्वांत जास्त आढळणारा हाच. चिरल्यावर पांढुरका, भरीव, गाठाळ दिसतो. वर उल्लेख केलेली युवराजची गाठ याच प्रकाराचा पुरुषांतला जुळा भाऊ होती. पेशी वर सांगितलेल्या योक सॅकच्या पेशींसारख्या झाल्या तर योक सॅक ट्यूमर: मऊ, पिवळट, जागोजागी रक्त साकळलेला आणि वाढायला सगळ्यांत घाईचा. केस-कातडीच्या गाठीतच गर्भातल्यासारखी कोवळी ऊती, विशेषतः मेंदूची, राहिली तर इमॅच्युअर टेराटोमा. कधी दोन-तीन प्रकार एकाच गाठीत नांदतात.

म्हणूनच मोठ्या गाठीचा एकच तुकडा तपासून भागत नाही. दर सेंटिमीटरला किमान एक, असा हिशोब असतो. १८ सेंटिमीटरची गाठ असेल तर १८ तुकडे. घरचे चौथ्या दिवशी विचारतात, रिपोर्टला एवढा वेळ का? यासाठी.

आणि हो, ती बरणी. आपल्याकडे ऑपरेशननंतर काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती लॅबला पाठवायची पद्धत अजून आहे. नारळाएवढी गाठ पावशेराच्या बरणीत कोंबलेली असते, वर चार चमचे फॉर्मालिन. आत औषध पोचत नाही, मधला भाग सडतो, आणि नेमका तोच भाग बघायचा असतो. गाठीच्या दहापट फॉर्मालिन लागतं. बरणी लहान वाटली तर तिथेच तसं बोला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एवढ्या लहान मुलीला कसा होईल?

हाच प्रश्न निदान लांबवतो. हा आजार मुख्यतः दहा ते तीस या वयातच होतो, त्यातही सोळा ते वीसच्या आसपास जास्त. दुर्मीळ आहे हे मात्र खरं. पाश्चात्त्य देशांत अंडाशयाच्या १०० कॅन्सरमागे असे दोन-तीनच असतात, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी आयुष्यात एखाददुसरीच अशी पेशंट पाहिलेली असते. पोट दुखतंय म्हटलं की आधी गॅस, मग जंताची गोळी, मग ‘पाळीचं दुखणं असेल’. एवढ्यात दोन महिने जातात, आणि ही गाठ महिन्यांच्या नाही, आठवड्यांच्या हिशोबाने वाढते.

मुलीचं पोट एकाच जागी घट्ट लागतंय, सलवारीची नाडी सैल करावी लागतेय पण हातपाय बारीकच आहेत, लघवीला वारंवार जावं लागतंय, तर सोनोग्राफी करा. काही जणींत आजार एकदम समोर येतो: गाठीला पीळ पडतो किंवा ती आत फुटते, मुलगी असह्य पोटदुखीने रात्री दवाखान्यात येते, अपेंडिक्स समजून घेतलं जातं आणि टेबलावर वेगळंच निघतं.

कारण काय म्हणाल तर कुणाचा दोष सापडत नाही. खाणं, मोबाइल, पाळीतल्या सवयी, यातलं काही कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. सहसा हा आजार घराण्यातूनही येत नाही, त्यामुळे धाकट्या बहिणीला घाबरवायची गरज नाही. एक वेगळा गट तेवढा लक्षात ठेवायचा: सोळा वर्षं उलटली तरी पाळी आलीच नाही, आणि आता गाठ निघाली. अशा काही मुलींमध्ये अंडाशयाची जडणघडण जन्मतःच अपुरी असते आणि पेशींत वाय गुणसूत्र असतं. तिथे गुणसूत्रांची तपासणी आवश्यक, कारण ऑपरेशनचा बेतच त्यावर बदलतो.

रक्ताच्या तीन तपासण्या, ऑपरेशनच्या आधी

या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या: तरुण मुलीच्या अंडाशयात भरीव गाठ दिसली, तर चाकू लावण्याआधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तपासण्यांसाठी रक्त घ्या. फक्त सीए-१२५ करून थांबू नका. ती तपासणी मोठ्या वयातल्या कॅन्सरसाठी जास्त उपयोगी आणि तरुण वयात साध्या कारणांनीही वाढते.

गर्भ आणि वार जी द्रव्यं तयार करतात त्यांतली काही या कोवळ्या पेशीही रक्तात सोडतात, म्हणून या तपासण्या उपयोगी. योक सॅक ट्यूमरमध्ये एएफपी हजारांत जातं. एरवी मोठ्या माणसात ते दहाच्या आत असतं. डिसजर्मिनोमात एलडीएच वाढतं. एचसीजी म्हणजे गरोदरपणाच्या कार्ड टेस्टमध्ये दिसणारं द्रव्य, आणि काही गाठी तेही बनवतात.

इथे जरा थांबतो. लग्न न झालेली मुलगी, वाढलेलं पोट, आणि कार्डावर दोन रेघा. पुढे त्या घरात काय होतं ते सांगायला नको. मुलगी जीव तोडून नाही म्हणते आणि कुणी ऐकत नाही. क्वचित घडतं, पण घडतं, आणि तेव्हा मुलगी खरं बोलत असते. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी आणि बाजूला गाठ दिसली की प्रश्न मिटतो. ती सोनोग्राफी होईपर्यंत घरातल्या मोठ्यांनी तोंड बंद ठेवावं, एवढीच विनंती.

ऑपरेशनआधीचा आकडा हातात असला की पुढची वाटचाल दिसते. एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं. समजा, ऑपरेशनच्या दिवशी ते ८,००० होतं आणि गाठ पूर्ण निघाली. आठवड्याने ते ४,००० च्या खाली हवं, मग २,०००, मग १,०००. असं दहा वेळा निम्मं झालं की आठाच्या आत, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत नॉर्मल. उतरता उतरता मध्येच थबकलं तर आत काहीतरी शिल्लक आहे, आणि स्कॅनमध्ये दिसण्याआधी हा आकडा ते सांगतो. पहिलाच आकडा नसेल तर हा हिशोब मांडणार कसा? रात्री पीळ पडून तातडीने ऑपरेशन करावं लागलं तरी भूल देण्याआधी रक्ताचा एक जादा बल्ब, म्हणजे छोटी नळी, भरून ठेवता येतो.

‘आधी सुई टाकून तपासून घेऊ’

नको. स्तनाच्या किंवा मानेच्या गाठीला सुई टाकतात ते ठीक. अंडाशयाची गाठ आवरणात बंद असते. सुईने ते आवरण फुटलं की पेशी पोटात सांडतात, आणि पहिल्या टप्प्यातला, कदाचित नुसत्या ऑपरेशनने बरा होणारा आजार केमोच्या रांगेत जातो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दलही हेच. टाके लहान येतात, मुलीचं लग्न व्हायचंय, व्रण दिसेल, ही आईची काळजी समजण्यासारखी आहे. पण मोठी भरीव गाठ तीन भोकांतून काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. ती अख्खी बाहेर यायला हवी. त्यासाठी पोटावर उभा छेद घ्यावा लागला तर घ्यावा.

‘पिशवी काढून टाकली तर कटकटच संपली ना?’

हे वाक्य आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. त्याच बायका दर हंगामात आपल्या कारखान्यांच्या फडांत असतात. अंगातून पिशवी जाणं म्हणजे दात काढण्याइतकी किरकोळ गोष्ट, ही समजूत आपल्या भागात मुरलेली आहे.

या आजारात ते बहुतेक वेळा सरळसरळ चूक आहे. गाठ सहसा एकाच बाजूला असते. डिसजर्मिनोमा दहा-पंधरा टक्के वेळा दोन्हीकडे असू शकतो, तिथेही दुसरं अंडाशय नीट पाहून शक्य तितकं राखायचंच असतं. जे काढायचं ते गाठ असलेलं अंडाशय आणि त्या बाजूची नळी. पोटातलं पाणी तपासायला घ्यायचं, आतड्यावरचा चरबीचा पडदा, यकृताखालची जागा, लसिकाग्रंथी हाताने आणि डोळ्यांनी तपासायच्या, संशय येईल तिथला तुकडा घ्यायचा. गर्भपिशवी आणि निरोगी अंडाशय जागेवर ठेवायचं. आजार पसरलेला असला तरीही बहुतेकदा हेच, कारण उरलेलं काम केमो करू शकते. अपेंडिक्स समजून उघडलेल्या पोटात ही गाठ अचानक निघाली तर सर्जनला सगळं एका रात्रीत उरकायची सक्ती नसते. गाठ असलेली बाजू न फोडता काढावी आणि थांबावं. पुढचं ठरवून करता येतं. राखलेलं नंतर काढता येतं. काढलेलं परत बसवता येत नाही.

सहीसाठी कागद पुढे येईल तेव्हा विचारा: काय काय काढणार आहात? उत्तर कागदावर लिहून घ्या.

केमोचं नाव काढलं की घर बसतं

पहिल्या टप्प्यातला डिसजर्मिनोमा किंवा कमी प्रतीचा इमॅच्युअर टेराटोमा असेल, तर बऱ्याचदा केमो लागतच नाही. नियमित तपासण्या पुरतात. बाकीच्यांना लागते. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन ही तीन औषधं, दर २१ दिवसांनी एक फेरी, अशा तीन ते चार फेऱ्या. केस जातात आणि परत येतात. उलट्या होतात, पण आता त्यावरची औषधं चांगली आहेत. सिसप्लॅटिनचा मूत्रपिंडांना आणि कानांना त्रास होऊ शकतो, ब्लिओमायसिनचा फुप्फुसांना, म्हणून त्यांच्या तपासण्या चालू ठेवतात.

सिसप्लॅटिनची जन्मकथा मजेची आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जंतू वाढायचे, पण त्यांचं विभाजन थांबायचं. वीज कारणीभूत नव्हतीच. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेलं संयुग हे करत होतं. १९७० च्या दशकात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते पुरुषांच्या बीजपेशींच्या कॅन्सरमध्ये इतर औषधांबरोबर वापरलं आणि मरणारी तरुण मुलं घरी जाऊ लागली. तीच वाट मुलींनाही मिळाली. त्याआधी योक सॅक ट्यूमरच्या मुली बहुतेक वर्षा-दोन वर्षांत जात. आज पहिल्या टप्प्यातल्या १०० मुलींपैकी ९५ च्या आसपास बऱ्या होतात, आणि पसरलेल्या आजारातही बऱ्या होणाऱ्याच जास्त.

एवढी दाद का मिळते? बीजपेशीवर पुढच्या पिढीची जबाबदारी असते, म्हणून तिच्या डीएनएला इजा झाली तर दुरुस्तीच्या नादी न लागता तिने स्वतःच मरून जावं, अशी तिची मूळ घडण आहे. इतर बरेच कॅन्सर ही सवय मोडतात. बीजपेशींच्या गाठीत ती बरीचशी शाबूत राहते. सिसप्लॅटिन डीएनएचे धागे जखडून टाकतं, आणि पेशी आपला जुना नियम पाळते.

कधी केमोनंतर आकडे नॉर्मल येतात आणि तरी स्कॅनमध्ये गोळा उरतो, वाढतोसुद्धा. टेराटोमात असं होतं: कोवळ्या पेशी मेलेल्या असतात, पक्व झालेला भाग शिल्लक राहतो. त्यावर केमो चालत नाही, तो कापूनच काढावा लागतो. आजार उलटला असं समजून लगेच धीर सोडू नका.

सदाफुलीचा रस चालेल का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा अगदीच हवेतलं बोलत नसतो. दारातल्या सदाफुलीपासून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं निघतात, आणि याच आजारात ती एकेकाळी दिली जात. पण ती झाडात अत्यल्प असतात; शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतूनच देतात. वाटीभर रसात काय आणि किती उतरलं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यात विष आहे, मात्रा नाही. चालू केमोबरोबर तर मुळीच नको.

खर्चाचं म्हणाल तर ही तिन्ही औषधं जुनी आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. नव्या कॅन्सर औषधांसारखी किंमत त्यांना नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी बोला, भरती झाल्यावर नव्हे. मिरज, सांगली, कराड इथे कॅन्सरचे उपचार होतात. मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते तिथे पुन्हा तपासतात. या आजारात दुसऱ्या नजरेने निदान बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आणि मूल?

एक अंडाशय आणि गर्भपिशवी राखली तर केमोनंतर दहापैकी आठांहून अधिक जणींची पाळी परत येते. त्यानंतर नैसर्गिकरीत्या दिवस गेलेल्या, निरोगी मुलं झालेल्या बायका भरपूर आहेत. औषधांमुळे बाळात व्यंग येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही.

आजार उलटायचा झाला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून डॉक्टर त्या काळात तपासण्या लावून धरतात आणि दिवस जाऊ देऊ नका म्हणतात. त्याला आणखी एक व्यवहारी कारण आहे: गरोदरपणात एएफपी आणि एचसीजी आपोआप वाढतं, मग ते बाळाचं की गाठीचं हे कळेनासं होतं. लग्न ठरवताना काय सांगायचं हा प्रत्येक घराचा प्रश्न. माझं मत विचाराल तर सांगून टाकावं, फाइल दाखवून. लपवलेल्या फाइलपेक्षा दाखवलेल्या फाइलने कमी लग्नं मोडतात.

आणि ती फाइल बाळंतपणाला जाताना पिशवीत असू द्या. सिझेरियन करायचं ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं: मी ब्लिओमायसिन घेतलेलं आहे, अमुक साली, इतक्या फेऱ्या. या औषधानंतर काही जणींच्या फुप्फुसांना पुढेही जास्त प्रमाणातला ऑक्सिजन सोसत नाही, आणि हे माहीत असलं की भूलतज्ज्ञ ऑक्सिजन बेताने ठेवतात. दहा वर्षांपूर्वीचं औषध कोण लक्षात ठेवतंय, म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.